किमान वेगाचा हक्क

मोबाइल फोनच्या पडद्यावर रेंजच्या कांड्यांशेजारी जे एखादे अक्षर किंवा आकडा उमटतो, तो पूर्वी ‘ई’ होता, मग ‘एच’ झाला, पुढे ४जी आला आणि आता बहुतेक शहरांत ५जी झळकतो. आणि प्रत्येक बदलाच्या वेळी सरकारने समारंभ केले, कंपन्यांनी शहरोशहरी फलक उभारले व जनतेला असे सांगण्यात आले की, आता देश एका पिढीने पुढे गेला. या प्रगतीचे मोल मी कमी लेखत नाही. ज्या देशात एकेकाळी टेलिफोनच्या जोडणीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या देशात आज मजुराच्या खिशातील यंत्रावर पैशाचा व्यवहार होतो, ही असामान्य घटना आहे. माझा आक्षेप निराळा आहे. या सेवेचे मोजमाप तिच्या कमाल वेगाने करण्याची जी रूढी पडली आहे ती शास्त्रदृष्ट्या भ्रामक आणि लोकहिताच्या दृष्टीने घातक आहे, असे माझे मत आहे. नागरिकाला हक्काने मागता यावा आणि शासनाने कंपन्यांना जाब विचारून त्याच्या पदरात घालावा तो किमान वेग होय, आणि तोही रेंज सर्वांत दुबळी असलेल्या जागी, गर्दीच्या वेळी आणि दोन्ही दिशांनी मोजलेला.

या पिढ्या ठरवतो कोण, हे ग्राहकाला क्वचितच ठाऊक असते. संयुक्त राष्ट्रसंघाशी संलग्न असलेला जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ प्रत्येक पिढीकडून कोणती अपेक्षा करावी याचे निकष ठरवतो, आणि निरनिराळ्या देशांतील मानक-संस्थांनी १९९८ साली मिळून स्थापन केलेली ‘थ्रीजीपीपी’ ही यंत्रणा त्या निकषांना उतरेल अशी तांत्रिक संहिता सिद्ध करते. ५जीच्या निकषांना ‘आयएमटी-२०२०’ असे नाव आहे. त्यांत माहिती उतरवून घेण्याचा कमाल वेग सेकंदाला २० गिगाबिट असा लिहिला आहे, आणि जाहिरातदारांनी नेमका तोच आकडा उचलला. हा आकडा आदर्श परिस्थितीतला आहे; एका मनोऱ्याची सारी लहर-संपत्ती एकाच ग्राहकाच्या स्वाधीन केली आणि वाटेत कसलाही व्यत्यय आला नाही, तर जे साधेल ते त्यात सांगितले आहे. परंतु त्याच दस्तऐवजात आणखी एक आकडा आहे, ज्याची वाच्यता कोणत्याही फलकावर होत नाही. तो ग्राहकाच्या प्रत्यक्ष अनुभवाचा वेग होय : दाट शहरी वस्तीत उतरणाऱ्या माहितीसाठी सेकंदाला १०० मेगाबिट आणि चढणाऱ्या माहितीसाठी ५० मेगाबिट. तो ठरवण्याची रीत अशी की, सर्व ग्राहकांना मिळणारे वेग चढत्या क्रमाने मांडावेत आणि तळापासून पाच टक्क्यांच्या सीमेवर जो वेग येईल तो धरावा. म्हणजे शंभरातील पंचाण्णवांच्या वाट्याला निदान एवढा वेग आलाच पाहिजे. पहिला आकडा दुसऱ्याच्या दोनशेपट आहे. शास्त्रज्ञांनी किमान वेगाची कल्पना मानकातच घालून ठेवली होती, तिचा निश्चित अर्थ लावला होता आणि तिची परीक्षा कशी घ्यावी हेही लिहिले होते. ती वगळून आपण केवळ शिखराचा आकडा घरी आणला.

पिढीचे नाव तरी स्थिर असते काय? ४जीसाठी त्याच संघाने ठरवलेला निकष असा होता की, वेगाने प्रवास करणाऱ्याला सेकंदाला १०० मेगाबिट आणि स्थिर माणसाला १ गिगाबिटपर्यंत वेग मिळावा. या निकषाला तेव्हा बाजारात आलेली ‘एलटीई’ ही पद्धत पुरती उतरत नव्हती. तथापि कंपन्यांनी ती ४जी म्हणून विकण्यास प्रारंभ केला होता, आणि डिसेंबर २०१० मध्ये संघानेही मान्य केले की एलटीई, वायमॅक्स आणि ३जीच्या पुष्कळ सुधारलेल्या आवृत्त्या यांनाही ते नाव लावण्यास प्रत्यवाय नाही. निकष कागदावर तसाच राहिला आणि नाव त्याच्यापासून सुटून बाजारात गेले. पुढे अमेरिकेत एटी अँड टी या कंपनीने ४जीच्याच सुधारित सेवेवर ‘५जी ई’ असे चिन्ह झळकवले. २०२० साली तेथील जाहिरात-परीक्षण मंडळाने त्या नावाच्या जाहिराती थांबवण्याची शिफारस केली, तेव्हा कुठे त्या थांबल्या.

आपल्याकडील ५जीच्या चिन्हामागेही एक गोष्ट समजून घेण्याजोगी आहे. ५जी उभारण्याच्या दोन पद्धती आहेत : एक स्वयंपूर्ण, आणि दुसरी अशी की जिच्यात फोन प्रथम ४जीच्या मनोऱ्याशी बांधला जातो आणि गरज पडेल तेव्हा ५जीची लहर जोडीला घेतो. दुसऱ्या पद्धतीत ४जीचा मनोरा आपल्या नित्याच्या घोषणेबरोबर एक सूचना प्रक्षेपित करतो की, या परिसरात ५जी उपलब्ध असू शकेल; आणि फोनची मांडणी तशी केलेली असेल तर एवढ्या सूचनेवरच पडद्यावर ५जी उमटते, मग त्या क्षणी प्रत्यक्ष व्यवहार ४जीच्या लहरीवर चालू का असेना. कोणत्या अवस्थेत चिन्ह दाखवावे याचे एकाहून अधिक मान्य पर्याय आहेत आणि त्यांतला एक निवडण्याचे काम कंपनी करते. ज्या चिन्हावर विसंबून ग्राहक महाग फोन विकत घेतो, ते चिन्ह त्याला मिळणाऱ्या सेवेचे मोजमाप नव्हे, एवढे तरी त्याला स्वच्छ शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

आता या वेगाच्या मुळाशी असलेल्या निसर्गनियमाकडे वळू. १९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने एका दीर्घ निबंधात सिद्ध केले की, कोणत्याही संदेशमार्गाची माहिती वाहून नेण्याची एक कमाल मर्यादा असते आणि ती दोन गोष्टींवर अवलंबून असते : लहरींचा पट्टा किती रुंद आहे, आणि गोंगाटाच्या मानाने संदेश किती प्रबळ आहे. पट्टा दुप्पट केला आणि संदेश तेवढाच स्वच्छ राहिला, तर मर्यादा दुप्पट होते. परंतु संदेश आधीच प्रबळ असताना त्याची शक्ती दुप्पट केली तर लाभ अल्पसा होतो. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत अभियंत्यांनी जे अद्भुत कौशल्य दाखवले, ते या मर्यादेच्या अधिकाधिक जवळ जाण्याचे आणि एकाच परिसरात अनेक अँटेनांनी निरनिराळे प्रवाह चालवण्याचे आहे. मर्यादा ओलांडण्याचे नव्हे. म्हणून मनोऱ्याची क्षमता ही त्याच्या छायेतल्या सर्वांची सामाईक मिळकत ठरते. समजा, एखादा मनोरा सेकंदाला एकूण १ गिगाबिट माहिती वाहू शकतो आणि संध्याकाळी त्याच्यावर दोनशे माणसे एकाच वेळी चलच्चित्रे पाहत आहेत, तर सरासरीने प्रत्येकाच्या वाट्याला ५ मेगाबिट येतात, आणि जो मनोऱ्यापासून दूर आहे किंवा जाड भिंतीच्या आड आहे त्याच्या वाट्याला त्याहूनही कमी. सकाळी निवांत वेळी त्याच जागी वेगाची चाचणी घेणाऱ्याला शेकडो मेगाबिट दिसतील, आणि तो आकडाही खराच असेल.

लहरीच्या लांबीने या विषमतेत भर पडते. ७०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीची असते. ती दूर जाते, भिंतींतून शिरते आणि थोड्या मनोऱ्यांत मोठा मुलूख व्यापते, परंतु तिचा पट्टा अरुंद असल्यामुळे वेग बेताचा मिळतो. ३,५०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात विपुल रुंदी आहे, मात्र त्यातली लहर लवकर क्षीण होते. २६ गिगाहर्ट्‌झची लहर जेमतेम सव्वा सेंटिमीटरही भरत नाही. तिच्यावर विलक्षण वेग साधतो आणि तिला झाडाचा पर्णसंभारही अडवतो. ज्या लहरींवर शिखराचे आकडे मिळतात त्या लहरी दाट वस्तीबाहेर पोहोचवणे अत्यंत खर्चाचे आहे, आणि ज्या डोंगरापलीकडच्या वाडीपर्यंत पोहोचतात त्या शिखराचे आकडे देत नाहीत. एकाच नावाखाली या दोन सेवा विकल्या जातात. शिवाय मनोऱ्याच्या पाठीमागे जो दुवा असतो तो काचतंतूचा आहे की जुन्या सूक्ष्मलहरींचा, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. पुढचा दरवाजा कितीही रुंद केला आणि मागची वाट अरुंद राहिली तर उपयोग नाही. विलंबाचीही हीच कथा. ५जीच्या निकषांत हजारांश सेकंदाचा उल्लेख आहे तो फोन व मनोरा यांच्यामधील टप्प्यापुरता. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो, त्यामुळे मुंबईहून सुमारे ७,२०० किलोमीटरवरच्या लंडनमधील यंत्राला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, तार अगदी सरळ रेषेत टाकली तरी, ७२ हजारांश सेकंदांच्या आत परत येऊ शकत नाही. ही मर्यादा कोणत्याही पिढीने हटणारी नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न अपरिचित वाटण्याचे कारण नाही, कारण पाटाच्या पाण्याच्या बाबतीत तो आपण पिढ्यान्‌पिढ्या अनुभवला आहे. कालव्याच्या माथ्याशी किती विसर्ग सोडला, याचा आकडा पाटबंधारे खात्याच्या दफ्तरात चोख असतो. पण शेपटाकडच्या शेतकऱ्याच्या चारीत पाणी आले की नाही, हा प्रश्न त्या आकड्याने सुटत नाही. माथ्याचे खातेदार ऊस भिजवतात आणि टोकाचा खातेदार पाळी कोरडी गेल्याची तक्रार घेऊन उपविभागाच्या कचेरीत बसतो. दीर्घ अनुभवाने आपण शिकलो की, पाळी टोकाकडून माथ्याकडे द्यावी आणि पाणी मोजून द्यावे. कालव्याची क्षमता ही त्याच्या मुखाशी नव्हे, शेवटच्या चारीत सिद्ध होते. हेच तत्त्व लहरींना लावावे, ही माझी मागणी आहे.

ती करण्याचा अधिकार नागरिकाला आहे काय? आहे, आणि तो सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या तत्त्वातून निघतो. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या, बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी प्रमुख निकालपत्र लिहिले. त्यात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा विनियोग लोकहितासाठी, सार्वजनिक यंत्रणेच्या नियंत्रणाखाली झाला पाहिजे, असे प्रतिपादन आहे. त्याच वर्षी ३१ जुलैला कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी देशातले पहिले मोबाइल संभाषण केले. या क्षेत्राच्या जन्मवर्षीच त्याच्या मालकीचा प्रश्न निकालात निघाला होता. आणि ही मालमत्ता बोलण्यापुरतीच उपयोगी आहे असेही नव्हे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली आपली महाकाय रेडिओ-दुर्बीण आकाशातून येणारे अतिक्षीण संदेश टिपते, ती मोबाइलच्या काही पट्ट्यांना लागून असलेल्या लहरींवरच. तिला त्या लहरींतली शांतता हवी असते. समाजाच्या अनेक गरजांनी या संपत्तीवर हक्क सांगितला आहे, म्हणूनच ज्याला तिचा मक्ता मिळतो त्याने समाजाला काय परत द्यायचे याचा हिशेब काटेकोर असला पाहिजे.

प्रत्यक्षात राज्यसंस्थेने हा हिशेब मुख्यत्वे महसुलाच्या स्तंभात मांडला. दूरवर पोहोचणारी ७०० मेगाहर्ट्‌झची लहर २०१६ साली लिलावात आली, तेव्हा सबंध देशासाठी तिची राखीव किंमत एका मेगाहर्ट्‌झला ११,४८५ कोटी रुपये ठेवण्यात आली आणि एकही बोली लागली नाही. २०२१ साली किंमत उतरवून ती पुन्हा मांडली, तरी कोणी घेतली नाही. २०२२ साली आणखी उतरवल्यावर तिला प्रथमच ग्राहक मिळाला. ज्या काळात शाळा बंद होत्या, वर्ग फोनवर भरत होते, आणि कोकणातल्या सड्यांवर व सातपुड्यातल्या पाड्यांत मुले रेंज शोधत टेकडीवर चढून बसत होती, त्या काळात त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास सर्वांत योग्य असलेली लहर सरकारी तिजोरीच्या अपेक्षेपायी अस्पर्श पडून होती. लहर ही साठवून ठेवता येणारी वस्तू नव्हे. जो दिवस ती वापरली नाही तो दिवस कायमचा वाया गेला. या निर्णयामागे दुष्ट हेतू नव्हता, लहरींचे मोल रुपयांत मोजण्याची सवय होती. परंतु परिणाम तोच झाला.

दिशेचा प्रश्न मला वेगाहूनही मूलगामी वाटतो. जाहिरातीतला वेग नेहमी उतरणाऱ्या माहितीचा असतो. ३,५०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात फोन आणि मनोरा एकाच लहरीवर आळीपाळीने बोलतात आणि काळाचे सूक्ष्म तुकडे दोघांत वाटून दिलेले असतात. ही वाटणी सामान्यतः अशी असते की, सुमारे तीन-चतुर्थांश काळ मनोऱ्याला मिळतो आणि उरलेला फोनला. त्यात फोनची प्रक्षेपणशक्ती सुमारे एक-पंचमांश वॅट, आणि मनोऱ्याची त्याच्या कित्येक पटींनी अधिक. त्यामुळे रेंजच्या सीमेवर प्रथम खुंटतो तो वर जाणारा संदेश. पडद्यावरच्या कांड्या मनोऱ्याचा आवाज आपल्यापर्यंत किती पोहोचतो ते दाखवतात. आपला आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतो की नाही, याविषयी त्या मूक असतात. दोन कांड्या दिसत असताना छायाचित्र जात नाही, हा खेड्यातला नित्याचा अनुभव याच कारणाने येतो.

ही वाटणी ज्या काळी ठरली त्या काळी नागरिक हा प्रेक्षक आहे असे गृहीत धरण्यात आले होते, आणि मनोरंजनापुरते ते गैरही नव्हते. परंतु आता शासनानेच त्याला माहिती देणारा केले आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली; सातबारा उताऱ्यावर पिकाची नोंद व्हावी म्हणून शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे आणि ते शासनाकडे पाठवावे, अशी ती योजना आहे. पिकाची नोंद नसेल तर विमा, अनुदान, नुकसानभरपाई अशा प्रत्येक दारी अडचण उभी राहते. स्वस्त धान्य दुकानातील यंत्र आधारची खातरजमा करण्यासाठी दूरच्या यंत्राला विचारते; त्याला फारच थोडी माहिती पाठवायची असते, पण ती त्या क्षणी गेलीच पाहिजे. या व्यवहारांना शेकडो मेगाबिट मुळीच नकोत. त्यांना हवा आहे तो बेताचा, वर जाणारा आणि कधीही दगा न देणारा वेग. ज्याच्या हक्काचे धान्य व ज्याच्या जमिनीची नोंद अशा दुव्यावर अवलंबून ठेवली, त्याला तो दुवा पुरवणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरते. कारण तलाठ्याच्या चावडीवर जाऊन तोंडी माहिती देण्याची जुनी वाट तिनेच अरुंद केली. काळाच्या वाटणीविषयी आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. शेजारच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या कंपन्यांनी एकमेकींच्या लहरीत व्यत्यय आणू नये म्हणून सर्वांनी ती एकसारखी ठेवणे आवश्यक असते. म्हणजे हा निर्णय मुळातच सामूहिक आहे, आणि सामूहिक निर्णयात लोकांच्या प्रतिनिधींना स्थान असावे हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांतला पहिला अभियंत्यांचा आहे : लहरींचे माध्यम चंचल, ग्राहक फिरता, हवामान बदलते, तेव्हा ठराविक वेगाची हमी देता येत नाही. प्रत्येक व्यक्तीला प्रत्येक क्षणी हमी देता येणार नाही, हे खरे आहे. पण मी मागतो ती हमी मानकातलीच आहे, शंभरातील पंचाण्णव मोजण्यांत निदान अमुक वेग. आणि जे प्रयोगशाळेत परीक्षेसाठी चालते ते तालुक्याच्या गावी का चालू नये, याचे उत्तर अभियांत्रिकीत सापडत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो वजनदार आहे. विरळ वस्तीत मनोरा उभारणे तोट्याचे असते, आणि कंपनीवर धर्मादायाची सक्ती करणे न्याय्य नाही. परंतु नेमक्या याच कारणासाठी २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी अस्तित्वात आहे, त्यासाठी कंपन्यांच्या महसुलातून हिस्सा वसूल होतो, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्यालाच ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले आहे. त्या निधीतून किती मनोरे उभे राहिले याबरोबरच शेवटच्या घरात किती वेग पोहोचला, हे विचारले गेले पाहिजे. तिसरा आक्षेप असा की, शिखर उंचावले की कालांतराने तळही उंचावतो. यात तथ्य आहे, आणि २०१६ नंतर स्पर्धेमुळे माहितीचे दर ज्या झपाट्याने कोसळले त्याचा लाभ गरिबांनाही झाला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तथापि तो लाभ दराचा होता. दर बाजाराने उतरतात. भीमाशंकरच्या पायथ्याच्या वाडीत रेंज बाजाराने आपोआप येत नाही, कारण तेथे स्पर्धा करण्याइतके ग्राहक नाहीत.

किमान वेगाची व्याख्या आपल्या शासनाला नवी नाही. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी सेकंदाला २५६ किलोबिट हा उंबरठा घातला, २०१३ साली तो ५१२ झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. उंबरठा आहे, पण मोबाइलच्या योजना विकल्या जातात त्या रोज इतके गिगाबाइट, या मापाने, आणि अनेक योजनांच्या अटींत छापलेला एकमेव निश्चित वेग म्हणजे दिवसाचा वाटा संपल्यानंतरचा ६४ किलोबिट, म्हणजे शासनाच्या स्वतःच्या उंबरठ्याचा सुमारे एकतिसावा हिस्सा. २०२४ च्या गुणवत्ता-नियमांनी कंपन्यांना आपापल्या सेवाक्षेत्राचे नकाशे प्रसिद्ध करणे बंधनकारक केले, हे उचित पाऊल होय. त्या नकाशांवर केवळ पिढीचे रंग न भरता गावनिहाय, संध्याकाळच्या वेळचा, चढता आणि उतरता असे दोन्ही किमान वेग नोंदवावेत, आणि ते आकडे कंपनीने नव्हे, स्वतंत्र यंत्रणेने मोजावेत. ज्या गावी ते सलग दोन तिमाह्या पाळले गेले नाहीत, तेथील ग्राहकाच्या रकमेत अर्ज न करता आपोआप सूट मिळावी.

यासाठी योग्य मुहूर्तही समोर आहे. २०१० च्या लिलावात ३जीसाठी विकल्या गेलेल्या २,१०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींनी सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळवून दिले होते, आणि तो मक्ता वीस वर्षांचा होता. तो २०३० साली संपतो. ती लहर पुन्हा बाजारात येईल तेव्हा निविदेच्या अटींत राखीव किमतीच्या शेजारी किमान वेगाचा स्तंभ असावा, आणि जो बोलीदार दुर्गम तालुक्यांत अधिक किमान वेगाची लेखी हमी देईल त्याला किमतीत सवलत मिळावी. त्या अटींचा मसुदा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इंग्रजीबरोबर मराठीत व इतर भारतीय भाषांत काढावा, आणि ग्रामपंचायतींना तो वाचून हरकती व सूचना पाठवता येतील एवढी मुदत द्यावी.